चुना दिलेले दगड

मोजणी शुक्रवारी होती, म्हणून अर्शियानं मंगळवारीच चुना भिजत घालायला लावला.

साताऱ्याबाहेर, वस्तीच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. इंग्रजांच्या वेळी छावणीतले साहेब तिथं गोल्फ खेळायचे, म्हणून अजून त्याला गोल्फमाळच म्हणतात. साहेब गेले, गवत माजलं आणि माळाच्या पश्चिमेच्या कडेला वस्तीतली माणसं आपली तान्ही बाळं पुरू लागली. मोठ्यांचं कब्रस्तान गावात. नाव ठेवायच्या आत गेलेल्यांना इथं उशाशी एकेक दगड. अर्शियाचा पहिला मुलगा तीन वर्षांपूर्वी इथं आला. चार दिवसांचा होता. आता माळावर पुन्हा गोल्फचं मैदान होणार होतं, या खेपेला सगळ्यांसाठी खुलं.

"दगड गवतात दिसलेच नाहीत, तर मोजणीवाले म्हणतील इथं काहीच नाही," अर्शिया म्हणाली.

"शब-ए-बरातीला कबरींवर चुन्याचा हात मारतोच की आपण," सासरे दस्तगीर म्हणाले. "आत्ता मधीच कशाला?"

"अब्बा, शब-ए-बरात लांब आहे. मोजणी तीन दिवसांवर आलीय."

सासूबाई, रशीदा, हसल्या. "द्या की चुना. सर्दी न्हाई न् पडसं न्हाई, तरी लेकीचा, झोयाचा ताप दिवसातनं चारदा बघती ती. तुमाला सोडंल व्हय?"

बुधवारी वस्तीतले पाचसहा जण वर गेले. गवत काढलं, कलंडलेले दगड उचलले, रुतलेले उपसले. दस्तगीर जन्माचे गवंडी. वाकडं काही ठेवणं त्यांच्या हाताला जमायचंच नाही. त्यांनी दोरी ताणली आणि एकूण एक दगड ओळीत बसवला. झोयाला कडेवर घेऊन अर्शिया म्हणत राहिली, "अजून एक हात द्या, लांबून दिसायला पाहिजे." संध्याकाळी ओळ रस्त्यावरूनसुद्धा दिसत होती. तिनं फोटो काढले.

शुक्रवारी मोजणीचा अधिकारी आला. मुकुल नाव, तिच्याच वयाचा. हातात जुन्या नकाशाची झेरॉक्स. दगड बघून त्याचा चेहराच खुलला.

"अरे वा! साहेबांच्या मैदानाची हद्द जाग्यावर आहे की! हे बघा, लिहिलंय, पश्चिमेस चुना दिलेले दगड, एका ओळीत."

"आवं साहेब, हद्द कसली? लेकरांच्या कबरी हायेत त्या," दस्तगीर म्हणाले.

"कबरी अशा दोरीत असतात का, चाचा?"

"म्या लावल्या की. परवा."

"म्हणजे दगड हलवलेत?"

अर्शियानं मोबाईल पुढं केला. अठरा फोटो होते, सगळे चुना दिल्यानंतरचे. मशिदीच्या जमातीच्या वहीत दफनाची नोंद आहे का, असं मुकुलनं विचारलं. नाव न ठेवलेल्या बाळाची नोंद वहीत करतच नाहीत, हे तिनं त्याला सांगितलं. सांगून झाल्यावर तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

मुकुल माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "ताई, सगळं सोडवणं माझ्या हातात नाही. पण तुमचं बाळ कुठं आहे तेवढं दाखवा. एवढी जागा वगळून लिहितो."

अर्शिया ओळीच्या कडेनं चालू लागली. तिच्या दगडावर एका बाजूला करड्या शेवाळाचा डाग असायचा, आणि जवळच मुंग्यांचं वारूळ. आता वारूळ खणलं गेलं होतं आणि दगड सगळे सारखे पांढरे. ती शेवटपर्यंत गेली, परत आली. मागं बाकीच्या बाळांच्या आया उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाला त्यानं विचारलंही नव्हतं.

"ताई, जरा लवकर."

तिनं एका दगडावर हात ठेवला. "हा."

मुकुलनं फीत लावली, आकडा घातला. रशीदा तिच्या कानाशी आल्या. "ह्योच का गं?"

अर्शियानं झोयाला आणखी घट्ट धरलं. "नाही माहीत, अम्मी."

मुकुल तोवर लिहून मोकळा झाला होता. बाकीच्या ओळीपुढं त्यानं 'जुनी हद्द' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद दस्तगीरांपुढं धरला.