एक टाका

"मॅडम, मनगटाला एक टाका घालता का?"

डॉक्टरांनी शिवलीलाचं मनगट तपासता तपासता वर बघितलं. "टाका? कशाला गं?"

"दाखवायला."

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या तिच्या वर्गमैत्रिणी दाक्षायणी आणि प्रियंका तोंड दाबून हसत होत्या. टाका मागून दाखवायची पैज त्यांचीच. पोटाचं ऑपरेशन झालं म्हणते आणि मनगटावर डास चावल्यागत ठिपका. वर्गात कोण ऐकून घेणार? सोलापूरपर्यंत भेटायला आलेले पाहुणेसुद्धा तो ठिपका बघून म्हणून गेले, हिला झालंय तरी काय? हळूहळू अप्पांनाही तसंच वाटू लागलं होतं.

"शनिवारी मॅच हाय, मॅडम. ताप गेलाय. अप्पा आज दुधनीला न्यायचं म्हणतेत. गोळ्या घेईन की घरी."

डॉक्टरांनी मोबाईलवर ऑपरेशनच्या वेळचा फोटो उघडून तिच्यापुढे धरला. पोटातली रक्तवाहिनी, बारीक फांदीसारखी. मध्येच बोरासारखा फुगवटा आणि त्यात कोंबलेली तारेची गुंडाळी.

"जंतूंनी भिंत पोखरली म्हणून हा फुगा आला. मनगटातून नळी नेऊन आम्ही तो बंद केला. जंतू अजून आहेत. त्यांना गोळ्या पुरत नाहीत, शिरेतूनच औषध लागतं, सहा आठवडे. मधेच सोडलंस तर दुसरा फुगा येईल. तो फुटला, तर तुला इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही."

"आला तर कळेल की मला."

"हा कळला होता?"

शिवलीला फोटोकडे बघत राहिली. हा फुगा पोटात घेऊनच ती तालुक्याची मॅच खेळली होती. शेवटचा गडी बाद केल्यावर दाक्षायणीनं तिला कमरेला धरून गरगर फिरवलं होतं. दाक्षायणीचं हसू आता थांबलं होतं.

तेवढ्यात अप्पा आले. मागं तिची आई, अव्वा, काखेत पिशवी, हातात घासून ठेवलेला डबा.

"चल लीला, गाडी खाली लावलीय." त्यांनी तिचं मनगट उजेडात धरलं. "बघ, ठिपका बी मुजला की."

"म्हणूनच, अप्पा. आतलं वरनं दिसत न्हाई."

तिनं अव्वाच्या काखेतली पिशवी ओढून घेतली. वरच खो-खोची जर्सी होती. ती दाक्षायणीच्या मांडीवर ठेवली. मग कंगवा आणि ब्रश काढून पुन्हा खाटेजवळच्या कपाटावर नीट मांडले.

"गाडी परत पाठवा," ती म्हणाली. "औषध संपेपर्यंत मी हितंच राहणार."