झटक्याची वाट

सुमेधाच्या प्रयोगशाळेत मेंदू ऐकू येतो. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेने काढलेला इवलासा तुकडा प्राणवायू मिसळलेल्या द्रवात काही तास जिवंत राहतो. त्यातल्या पेशींचे संकेत स्पीकरमधून उमटतात, माघातल्या उन्हात तुरीच्या शेंगा तडकाव्यात तसे. पेशींना शांत करणारा संकेतच काही मेंदूंत त्यांना का चेतवतो, हे ती शोधते आहे. ऐकताना तिची मान डावीकडे कलते. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात आमची घरं शेजारी. ती कललेली मान मी लहानपणापासून पाहतो आहे. तेव्हा ती पलीकडच्या खोलीत धाकट्या भावाचं, अजयचं, झटका येऊन पडणं ऐकत असे.

यंदा वर्ध्याच्या रुग्णालयात अजयच्याच डोक्यावर तारा चिकटवल्या होत्या; मीही सोबतीला होतो. झटका मेंदूत कुठून उठतो हे टिपल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरणार नव्हती. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या होत्या. जो येऊ नये म्हणून हे घर वर्षानुवर्षं श्वास रोखून होतं, त्याचीच आता वाट पाहायची होती. ऊन पलंगावरून भिंतीवर सरके, यंत्राच्या पडद्यावर त्याच्या मेंदूच्या रेघा संथ वाहत, सुमेधाची बोटं खाटेच्या कठड्यावर वाजत राहत.

"तुह्या मशीनले भेला वाटते झटका, ताई," अजय म्हणाला.

"गप राय. बोलला का रेघा हालतात."

संध्याकाळी काकूंनी, तिच्या आईने, चष्म्याची डबी उघडली. आत गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी.

"आई, तू देऊन राह्यली त्याले?"

"सकाळची तेवढी. डॉक्टर बंद करा म्हणे, पण हात आयकत नाई माहा. गोळी चुकली का तो पडते, इतकंच मले समजते."

"तो पडावा म्हणूनच आलो ना आपण इथं," सुमेधा म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्याशी थबकली. मग ती पट्टी घेऊन नर्सकडे गेली. काकू रिकामी डबी उघडझाप करत बसल्या.

झटका आला तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. सुमेधाने अजयला कुशीवर वळवलं, त्याच्या पाठीवर तळहात टेकवला. ज्या रेघांसाठी ती इतकी तळमळली, त्या पडद्यावर उसळत होत्या. तिने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने अजयने डोळे उघडले, तोवर डॉक्टरांनी रेघांतून झटक्याची जागा हेरली होती. "आला काय?"

"आला. सापडला."

तो हसला. झटक्याची ती मिनिटं त्याच्या आठवणीत नव्हती, कधीच नसतात. त्याच्या आयुष्यातून गळालेला तेवढा काळ आई आणि ताई, या दोघीच त्याच्या वतीने आठवत आल्या आहेत.