खेमराजचा गुडघा

शहापूरच्या खेमराजचा उजवा गुडघा दर रविवारी सकाळी आठला दुखायला लागायचा, संध्याकाळच्या एसटीने लंगडत परत यायचा आणि सोमवारी बरा व्हायचा. बाकीचे सहा दिवस तो हातमागावर बसून पायाखालच्या पावड्या अशा दाबायचा, की शेजारच्या भिंतीवरचा आरसा हलावा. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. झालं होतं ते मनाला. भाऊबीजेपासून तो साकोलीला एका किराणा दुकानाच्या माडीवर प्रार्थनेला जात होता आणि येशूवर त्याचा अगदी मनापासून विश्वास बसला होता. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. बायको काय म्हणेल आणि गल्ली काय म्हणेल, या दोन भीतींमध्ये त्याने एक हाडवैद्य उभा केला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा चांगलं ते सगळं तिकडे गेलं, अशी शहापुरात जुनी तक्रार होती. एक वैद्य तेवढा साकोलीत उरला, आणि तोही खेमराजने बनवलेला.

रविवारी लंगडायचं तर शनिवारी थोडं कण्हणं आलं. बायको जानकीबाई तेल कोमट करून गुडघा चोळायची. खेमराज डोळे मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, कळ सोसतोय. तो क्षमा मागत असायचा.

फाल्गुनात घोटाळा झाला. बसमधून उतरून तो सवयीने लंगडतच माडीचा जिना चढला. वर पास्टर भोजराज यांनी ते पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून डोळे भरून येईपर्यंत प्रार्थना केली. आता लंगडावं तर प्रार्थना वाया, सरळ चालावं तर चमत्कार. खेमराजने माणुसकीचा विचार केला आणि सरळ चालला. टाळ्या झाल्या. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून त्याने ही साक्ष द्यायची, असंही ठरलं. मग पास्टर मन नवं करण्याबद्दल बोलले. खेमराजच्या नव्या मनाने आतापर्यंत एक हाडवैद्य तेवढा निर्माण केला होता.

या विचारात शहापूरला उतरताना तो लंगडायला विसरला. नळावरून जानकीबाई धावत आली. मातामाय देवीने ऐकलं, म्हणाली. गुडघा बरा होईपर्यंत चप्पल घालणार नाही, असा तिने संक्रांतीला नवस केला होता. खेमराजला वाटत होतं, तिची चप्पल तुटलीय. मोच्याकडे न्यायचं त्याच्या रोज मनात होतं.

न झालेला आजार एका दिवसात दोन ठिकाणी बरा झाला होता, आणि गप्प बसलं तर दोन्हीकडे भागत होतं. पण घरी जानकीबाई कोमट पाण्यात पाय सोडून बसली. टाचांच्या भेगांत बोट जाईल अशी गत होती. खेमराज समोर उकिडवा बसला.

"गुडघा बरा नाही झाला, जानकी. तो दुखतच नव्हता."

"मंग दर आयतवारी जाता कोठी?"

"प्रार्थनेले. मी येशूचा झालो."

तिने पाय पाण्याबाहेर काढले. "येशूचं मंग पाहू. शनवारी मी तेल चोळून राहिली, तवा तुमाले लाज नाही वाटली जी?"

"वाटे."

"अना बरंबी वाटे."

"हो."

निकाल तिथेच लागला. नवस त्याच्या गुडघ्यासाठी, तर अनवाणी पायही त्याचेच. संक्रांत ते फाल्गुन दोन महिने, तितकेच दिवस त्याने अनवाणी चालायचं. त्याच्या चपला तिने पेटीत घातल्या. मंगळवारी मातामायपुढे नारळ फोडून नवऱ्याच्या वतीने माफी मागितली, आणि रविवारी साकोलीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसली. तो खरं सांगतो की नाही, ते तिला ऐकायचं होतं.

माडीवर खेमराजने सगळं सांगितलं. मागून आवाज आला, "अना तेलाचं?" त्याने तेलाचंही सांगितलं. पास्टर भोजराज यांनी गेल्या रविवारी त्याच्या गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं आणि गाणं सुरू करायला सांगितलं.

शहापूरला उतरताच त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर लंगडत निघाला. पानठेल्यावरच्या तुलारामने दर रविवारसारखं विचारलं, गुडघा काय म्हणते? खेमराजच्या तोंडात वैद्य आलाच होता. जानकीबाई थांबली.

"गुडघा चांगला हाय, तुलाराम. काटा गडला. वैद्य-बिद्य कोणी नाही. मी प्रार्थनेले जातो साकोलीले. ख्रिश्चन झालो मी."

तुलारामचा चुना लावणारा हात थांबला. खेमराज पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. महिनोन्‌महिने तो याच शब्दाला भीत आला होता.

"वैद्य नाही?" तुलाराम म्हणाला. "अरे, माह्या मायले चारदा धाडलं मी साकोलीले. अख्खं गाव पुसत फिरली थे."

खेमराजने जानकीबाईकडे पाहिलं. तिने हनुवटीनेच तुलारामच्या घराची दिशा दाखवली. तो तिकडे लंगडत वळला. मागे जानकीबाई, चपला वाजवत.