शेवयाच्या मशीनचं छापलेलं चाक

मी सोजरबाई. सोलापुरात आमच्या गल्लीत बावीस वर्षं झाली, शेवया करून देती. ऐन चैत्रात, बायका पिठाचे डबे घेऊन दारात उभ्या, आन मशीनमधलं दात्यांचं चाक कडकन मोडलं. दोन दाते गेले. सगळी दुकानं पालथी घातली, कुटंच मिळंना. ती कंपनीच बंद पडली म्हणं. माझा पोरगा दिग्विजय निमित्तच शोधत होता. म्हणला, आई, लई राबलीस, रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. म्हंजे मी आता टीव्हीपुढं बसून जांभया द्यायच्या व्हय? माझं डोस्कंच फिरलं.

त्याची पोरगी प्रतिक्षा पॉलिटेक्निकला हाय. ती म्हणली, आजी, आमच्या कॉलेजात चाक छापून मिळंल. लग्नपत्रिका छापतेत, चाकं न्हाय छापत कुणी, असं मी तिला सुनावलं. पण गेले रिक्षात बसून.

तितं काचेच्या पेटीत एक मशीन. वर प्लास्टिकच्या तारेचं रीळ. तार तापून वितळती, बारीक तोंडातनं सुतासारखी बाहेर येती आन खाली रेघा ओढत बसती. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असं करत वस्तू उभी राहती. कॉम्प्युटरवर जसं चित्र काढशीला, तशी. आगं, ह्या तर शेवयाच की! मला हसूच आवरंना. फळीवर मांडलेलंबी प्रतिक्षानं दाखवलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला बघायला जबड्याचा नमुना, आन पंजा नसलेल्या एका पोरीसाठी केलेला हात. त्या हाताशी मी हात मिळवून आले.

दोन दिवसांनी चाक आलं. वजनाला हलकं, पण दणकट. बसवलं, तर दात्यांत दाते जाईनात. प्रतिक्षाचं तोंड एवढंसं झालं. तीन तीनदा माप घेतलंवतं म्हणली. मी जुनं चाक उजेडात धरलं आन माझी ट्यूब पेटली. दर दसऱ्याला मशीनची पूजा करून मी त्या चाकाला हळदकुंकू लावती, वरनं तेलाचं बोट. बावीस दसऱ्यांचं कुंकू तेलात मुरून फटीत मेणागत बसलेलं; ते दाबलं की दबतंय, छापलेलं प्लास्टिक कुटलं दबायला! पोरीनं त्याच्यासकट माप घेतलंवतं.

"खरवडलं का न्हाईस गं?"

"आजी, तुझं पूजेचं कुंकू. मी कसं खरवडू?"

एवढी शिकलेली पोर, आन कुंकवाला भ्याली. हसून हसून मी खालीच बसले, तीबी माझ्या गळ्यात पडून हसली. मग देवीची माफी मागितली, चाक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं आन जुन्या ब्रशनं लख्ख घासलं. ती परत माप घेऊन गेली. शनिवारी दुसरं चाक घेऊन आली, आन ते गपकन बसलं.

रविवारी भंगारवाला आला तवा मशीन घरघरत होतं आन दारात बायकांची रांग लागलीवती. तो जरा वेळ बघत उभारला. मग म्हणला, मावशी, घरच्यांना दोन किलो पीठ घेऊन पाठवू का? मी म्हणलं, पाठव की, पण नंबर लावायला लागंल.

दिग्विजय उंबऱ्यात उभा होता. पोराला माझी काळजी हाय, हे मला कळत न्हाय असं न्हाय.

"आई, परत दमशील बघ," तो हळूच म्हणला.

"आरं, दमायसाठीच तर केलं की हे सगळं."

त्यानं बाह्या सारल्या, शेवयांनी भरलेली काठी उचलली आन गच्चीवर वाळत घालायला गेला.