वेन्डेलिनसाठी दुर्बीण

बुर्गीने तिसरी दुर्बीण वेन्डेलिनच्या हातात दिली आणि दुकानाचं दार सताड उघडलं.

"चर्चच्या घड्याळाखाली एक पाटी आहे. तिच्यावरचं घड्याळजीचं नाव वाचा."

वेन्डेलिनने दुर्बीण डोळ्यांना लावली, बोटाने मधलं चाक फिरवलं, थांबला. मग हात खाली घेतला.

"धुरकट आहे."

"पहिली धुरकट, दुसरी धुरकट, आता ही पण धुरकट. नाचता येईना अंगण वाकडं." बुर्गीने दुर्बीण जवळजवळ हिसकावूनच घेतली. "तुम्हाला मोठ्या भिंगाची हवी होती, ती छप्पन मिलिमीटरची दिली. संध्याकाळी जास्त उजेड घेते म्हणालात. साठी उलटल्यावर डोळ्याची बाहुली तेवढी उघडत नाही. भिंगाने कितीही उजेड दिला तरी तो आत शिरायला वाट नको का? उगाच गळ्यात धोंडा. मग दहापट जवळ आणणारी दिली, तर हात हलतो म्हणालात."

"हलतोच."

"ऑक्टोबरमध्ये पण हलत होता का?"

वेन्डेलिनने टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

या खोऱ्यात कोणी कोणाला अहोजाहो करत नाही. पाद्र्यालाही नाही, डॉक्टरलाही नाही. बुर्गी लहानपणापासून वेन्डेलिनला अरेतुरे करत आली होती. पण गेल्या ऑक्टोबरपासून तिने "तुम्ही" सुरू केलं होतं. तोंडावर दार आपटण्यापेक्षा ते वाईट होतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

काउंटरवर, दुर्बिणींच्या शेजारी, शिकारी मंडळाचा कागद पडला होता. मंडळाचा प्रमुख इग्नाझ तो दुपारी स्वतः देऊन गेला होता आणि आता समोर चौकापलीकडच्या खानावळीत बसून वाट बघत होता. कागदावर एकच प्रश्न होता. वेन्डेलिन, वय अडुसष्ट, चांगली दुर्बीण दिल्यास लांबचं जनावर नीट ओळखू शकतो का? पुढे दोन चौकोन: हो, नाही. खाली चष्मेवाल्याची, म्हणजे बुर्गीची, सही. "नाही"वर खूण झाली की वेन्डेलिनच्या कोटावरचा वाटाड्याचा बिल्ला आज साडेसहाला काढून घेतला जाणार होता. अडतीस वर्षं तो या डोंगरावर लोकांना शिकारीला घेऊन जात होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

बुर्गीने "नाही"वर खूण करायचं सकाळीच ठरवलं होतं. ही तपासणी फक्त रीत म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्याने तिच्या समोर उभं राहून तीन-तीनदा "दिसत नाही" म्हणावं, हे तिला ऐकायचं होतं.

कारण तसंच होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये बुर्गीच्या मुलीने, सेंझीने, पहिलं मोठं हरीण मारलं. वेन्डेलिन वाटाड्या होता. मधल्या वयाच्या नराच्या दोन्ही शिंगांना वर टोकाशी तीन-चार फाट्यांचा मुकुट फुटला असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. तो नर सात वर्षांचा निघाला, आणि दोन्ही शिंगांवर मुकुट. वेन्डेलिनने मंडळाला लिहून दिलं: उजेड कमी होता, मुकुट मला दिसला नाही, "मार" मी म्हणालो. वाटाड्याच्या शब्दावर बार टाकायचा, ही रीतच आहे. त्यामुळे दोष त्याचा झाला. पण ठिपका सेंझीचा झाला.

मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या सभागृहात वर्षभराच्या सगळ्या शिकारींची शिंगं भिंतीवर लागतात. योग्य शिकारीखाली हिरवा ठिपका, चुकीच्या शिकारीखाली लाल, आणि ठिपक्याखाली नाव. गाव बियरचे ग्लास घेऊन भिंतीसमोरून फिरतं. हिरव्या ठिपक्यांपाशी कोणी थांबत नाही. यंदा लाल ठिपका एकच होता. बावीस वर्षांची पोर त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर मान वर करत नव्हती. जूनपासून ती वनखात्यात शिकारीची उमेदवारी सुरू करणार होती, तरी तिने नवे बूटसुद्धा घेतले नव्हते. पडद्यामागच्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांच्या दुर्बिणी दुरुस्त करायची. आताही तिथून भिंगावर फिरणाऱ्या कुंचल्याचा आवाज येत होता.

"ही शेवटची," बुर्गी म्हणाली. "आठपट, बेचाळीसचं भिंग. तुमच्या वयाला हीच योग्य. हिच्यातही दिसलं नाही तर दोष दुर्बिणीत नाही."

"दे."

ती देता देता तिचा हात अडला. मघापासून काहीतरी खटकत होतं. अधू डोळ्यांचं माणूस चाक कसं फिरवतं हे तिने तीस वर्षं पाहिलं होतं. पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. रेडिओवर स्टेशन शोधावं तसं. वेन्डेलिन तिन्ही वेळा एकदाच फिरवून थांबला होता.

तो नवी दुर्बीण घेऊन पायरीवर गेला, तशी तिने बाजूला ठेवलेली तिसरी उचलली. त्याने फिरवून ठेवलेल्या चाकाला बोट न लावता दाराशी जाऊन मनोऱ्याकडे पाहिलं. घड्याळजीचं नाव लख्ख दिसलं. नावाखालचं सालही.

तिने वळून पाहिलं. वेन्डेलिन पायरीवर उभा होता. नवी दुर्बीण त्याने मनोऱ्याकडे नाही, समोरच्या डोंगराकडे लावली होती. उतारावरचं बर्फ नुकतंच सरकलं होतं आणि ओल्या पिवळ्या गवतावर शेवटचं ऊन होतं. त्याचे खांदे सैल झाले होते. आज संध्याकाळी पहिल्यांदाच.

"सहा आहेत," तो म्हणाला. आवाज कोणाला सांगितल्यासारखा नव्हता. "कड्याच्या खाली. हिवाळा काढला म्हातारीने, शाबास. आणि यंदाही गाभण."

"कोण म्हातारी?"

"ती डावीकडची रानशेळी. एक शिंग अर्धं मोडलेलं—"

तो थांबला. दुर्बीण हळूच खाली घेतली आणि डोळे चोळले.

"तशी असावी," तो म्हणाला. "मला कुठलं दिसायला."

बुर्गीने दुर्बीण त्याच्या हातातून काढून घेतली. तिला उतार शोधावा लागला, मग कडा, मग कड्याखालची सावली. बऱ्याच वेळाने एक दगड हलला आणि तिची शेळी झाली. मग दुसरी. सहा होत्या. डावीकडची पोटाने जड होती. तिने मान वळवली तेव्हा आकाशावर एक आकडेबाज शिंग दिसलं आणि एक खुंट.

हजार मीटर तरी असेल अंतर. बुर्गीने त्याला आत घेतलं. तिने दार लावून घेतलं.

"वेन्डेलिन, त्या दिवशी हरणाच्या डोक्यावर काय दिसलं तुला?"

ती पुन्हा "तू" म्हणाली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"काही नाही. लिहून दिलंय मी."

"कागदाचं नाही विचारत. एवढ्या लांबून तुला शेळीचं मोडलेलं शिंग दिसतं. शंभर पावलांवर उभ्या नराचा मुकुट दिसला नाही?"

"उजेड नव्हता."

"साडेचार वाजले होते. त्या दिवशी ऊन होतं. मी इथे दारात खुर्ची टाकून बसले होते."

"बुर्गी, खूण कर आणि मोकळी हो." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "सकाळपासून तुला तेच करायचंय. मग कर ना."

"तू 'मार' म्हणालास का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते. नको उघडू."

"म्हणालास का?"

वेन्डेलिन पडद्याकडे पाहणार नाही अशा बेताने उभा होता, आणि त्यामुळेच बुर्गीने पडद्याकडे पाहिलं. कुंचल्याचा आवाज थांबला होता.

"मी 'थांब' म्हणालो," तो अगदी हळू म्हणाला. "पण बोट आधीच वळलं होतं तिचं. बार आणि 'थांब' एकदमच झालं. पहिल्या शिकारीला हातपाय असेच कापतात. माझेही कापले होते. तू तिथे नव्हतीस."

"एकदम नाही," सेंझी म्हणाली.

ती पडदा धरून उभी होती. हातात अजून कुंचला होता.

"तो दोनदा म्हणाला. 'थांब, मुकुट आहे.' मग पुन्हा 'थांब'. मला ऐकू आलं होतं, आई. मला मुकुट दिसतही होता. म्हणूनच मारला."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पुलापलीकडे विरला.

बुर्गीला पहिल्यांदा राग आला तो वेन्डेलिनचाच, याची तिला नंतर लाज वाटली. सगळा हिवाळा तिने या माणसाला रस्त्यात ओळख दिली नव्हती. नाताळला त्याच्याकडून आलेलं धुरावलेलं डुकराचं मांस तिने दारातूनच परत पाठवलं होतं. आणि तो गुपचूप घेऊन गेला होता.

"का?" तिने विचारलं. "तुझी कोण लागते ती?"

"बारा वर्षांची असल्यापासून माझ्यामागे डोंगर चढतेय." वेन्डेलिनने खांदे उडवले. "वाटाड्याचं ऐकलं नाही असं कळलं तर तिचा परवाना जाईल. कायमचा. वनखातं दारात उभं करणार नाही. आणि तिच्याइतकं जनावर समजणारं पोर मी अडतीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही. एकदा हाव सुटली. एकदाच. त्या दिवशी खाली येताना तीन वेळा ओकली ती. पुन्हा नाही करायची." तो सेंझीकडे न बघता बोलत होता. "माझं काय? आणखी दोन वर्षांनी गुडघ्यांनी बिल्ला काढून घेतलाच असता. आता डोळ्यांनी घेतला असं म्हणू."

खानावळीचं दार उघडलं. काचेतून दिसलं, इग्नाझ बाहेर येऊन कोट चढवत होता.

बुर्गीने पेन उचललं. कागदावरचे दोन चौकोन एवढे जवळ होते की चुकूनही दुसऱ्यावर खूण झाली असती. "हो"वर खूण केली तर इग्नाझचा पुढचा प्रश्न तिला माहीत होता: दिसतं, मग त्या दिवशी काय झालं? तो मूर्ख नव्हता. तिने सेंझीकडे पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. "आई, नको" म्हणाली नाही, आणि "आई, कर" असंही म्हणाली नाही.

बुर्गीने "नाही"वर खूण केली. सही केली. सही तिची नेहमीसारखीच आली, याचं तिला आश्चर्य वाटलं.

"झालं," वेन्डेलिन म्हणाला आणि मोठा श्वास सोडला. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग काउंटरवरची आठपटीची दुर्बीण उचलून हातात तोलली.

"चांगली आहे."

"घेऊन जा," बुर्गी म्हणाली. "पैसे नकोत. शिकारीला नाही, नुसतं बघायला. बघायला कोणाचा बिल्ला लागत नाही."

वेन्डेलिनने एकदा खिडकीतून उताराकडे पाहिलं. मग भिंगांवर झाकणं बसवली, पट्टा गुंडाळला आणि दुर्बीण स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवली.

"आंधळ्याच्या गळ्यात दुर्बीण दिसली तर लोक काय म्हणतील? डोंगरावर बसून काय बघतोस रे, असं विचारतील. नाही, बुर्गी. ते आता बंदच."

त्याने टोपी घातली. दाराशी थांबून तो सेंझीला म्हणाला, "जूनच्या आत बूट घे. नवे बूट पायाला बसायला महिना लागतो."

मायलेकी खिडकीशी उभ्या राहिल्या. वेन्डेलिन पायऱ्या उतरला. तीनच पायऱ्या होत्या आणि तो त्या लहानपणापासून उतरत आला होता, पण आज त्याने कठड्याला धरलं आणि शेवटच्या पायरीवर पायाने जमीन चाचपली. चौकात एवढंसंही धुकं नव्हतं. इग्नाझने पलीकडून हात वर केला. हिरवा कोट, ढेरपोट, पांढऱ्या मिशा. त्याच्यासारखा माणूस खोऱ्यात दुसरा नव्हता आणि दोघं एका बाकावर शाळा शिकले होते.

वेन्डेलिन जागच्या जागी थांबला. डोळे बारीक करून, मान पुढे काढून तो त्याच्याकडे बघत राहिला.

"कोण आहे?" त्याने मोठ्याने विचारलं. "इग्नाझ का?"

दुकानाचं दार धाडकन उघडलं. सेंझी अंगावरच्या एप्रनसकट पायऱ्या उतरून चौकात इग्नाझच्या दिशेने धावत निघाली होती.

बुर्गीने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं.