वच्छलेची बाज

मित्रांनो, ओसरीच्या कडेला भिंतीला टेकून उभी असलेली जुनी बाज तुम्ही पाहिलीत ना? तीच मी. माझ्यावर मिरच्या वाळतात, कुरडया वाळतात, आणि मोठी माणसं दुपारी लवंडली की तुमच्यासारखी पोरं उड्या मारतात. मारा, मी रागावत नाही. पण आज जरा बसा. मला दोन आयांची गोष्ट सांगायची आहे.

चौसाळ्याच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे, तिथं माझा जन्म झाला. तेव्हा आपल्या मुलखात निजामाचा अंमल होता. माझे बाभळीचे पाय सुतारानं तासले, पण मला बाजपण दिलं ते बद्रीनाथनं. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. नवी नवरी वच्छला भुईवर गोधडी टाकून निजायची, ते त्याला बघवेना. त्यानं अंबाडी भिजत घातली, तिचा वाख काढला, मांडीवर वळून वळून दोरी केली आणि मला विणलं. वीण झाल्यावर पायथ्याला एक दोरी नागमोडी ओवतात. ती ओढली की सगळी बाज ताठ होते, सोडली की झोळीसारखी सैल पडते. त्या दोरीला बद्रीनाथनं शेवटची गाठ मारली आणि छाती फुगवून म्हणाला, "भरली घागर ठेव हिच्यावर. झोळ पडला तर मिशी काढीन."

वच्छला हसून म्हणाली, "मिशी हाय कुटं काढायला?"

ती माझ्यावर बसून धान्य निवडायची, चोळीला टाके घालायची. पुढं तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण वच्छलेला आई-बाप नव्हते. तिचं बाळंतपण सासरीच, माझ्यावरच व्हायचं ठरलं. तिनं बाळासाठी खणाची कुंची शिवली आणि माझ्या उशाला अडकवून ठेवली.

तिचा दिवस आला तेव्हा ती फार अडली. मित्रांनो, त्या काळी बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची पद्धत होती. कुलूप असो, कणगीचं झाकण असो, वासराचं दावं असो, बायकांच्या वेण्या असोत, सगळं मोकळं करायचं. म्हणजे तिचीही सुटका होते, असं लोक मानत. बद्रीनाथची थोरली विधवा बहीण तुळजाबाई घरातल्या गाठी सोडत फिरली आणि शेवटी माझ्याजवळ आली. पण बद्रीनाथ दाराबाहेरून ओरडला, "अक्का, बाजेची सोडू नको! ती निजलीया तिच्यावर, झोळीत पडल." माझी गाठ तशीच राहिली.

बाळ आलं. मुलगी होती, आणि रडली तीही खणखणीत. सारं घर तिच्याकडं धावलं. तुळजाबाईनं काशाची थाळी उचलली आणि लाटण्यानं वाजवायला सुरुवात केली. बाळ झालं की थाळी वाजवायची, तीही आपली रीत. आळी गोळा झाली, हसू उसळलं, गूळ वाटला. त्या गलबल्यात वच्छला हळू आवाजात म्हणाली, "अगं, मला खाली लई वलं वाटायलंय." कोणालाच ऐकू गेलं नाही. माझी दोरी भिजत होती. मला कळत होतं, पण बाजेला तोंड कुठून असणार?

थाळी थांबली तेव्हा वच्छलाही थांबली होती.

गावात बोलणं पसरलं, बाजेची गाठ राहिली म्हणून बाई गेली. बद्रीनाथनं ते ऐकलं, आणि त्या गाठीसारखंच ते त्याच्या काळजात घट्ट बसलं. मला जाळायचा सल्ला पुष्कळांनी दिला. त्याला ते जमलं नाही, आणि मला घरातही ठेववेना. त्यानं मला गोठ्यात कडब्यामागं उभं केलं. तिथं कोंबड्यांनी माझ्यावर बसायला सुरुवात केली, उंदरांनी माझी वीण कुरतडली. माझ्यावर कोणी निजलं नाही, आणि बद्रीनाथ वैरण काढायला आला तरी मान फिरवून जायचा.

ती मुलगी म्हणजे मनकर्णा. तुळजाबाईनं तिला वाढवलं, लग्न करून कडा गावी सासरी पाठवलं. आणि मग एक दिवस ती ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

वासराला बघायला म्हणून ती गोठ्यात शिरली आणि कडब्याची पेंढी बाजूला करताना तिचा हात माझ्या पायाला लागला.

"आत्या, ही कुणाची बाज?"

"शिवू नकोस तिला!" तुळजाबाई दारातूनच ओरडली. "तुझी माय तिच्यावर गेली."

मनकर्णानं हात काढला नाही. माझ्या उशाला ती कुंची अजून अडकलेली होती. खण विटला होता, कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. बाळ झालं त्या दिवशी ती त्याच्या डोक्यावर घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मनकर्णानं ती छातीशी धरली. मग म्हणाली, "माय गेली तिच्यावर, तशी मी आलते बी तिच्यावरच. मायनं मला बघितलं आसंल तर ह्याच बाजेवरून. माजं बाळंतपण हिच्यावरच करायचं."

घरात मोठा वाद झाला. बद्रीनाथ कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "गाडी जुपतो, बीडच्या दवाखान्यात नेतो. पण ती बाज घरात येणार न्हाई."

"आबा, दवाखान्यात माजं कोण हाय? हितं आत्या हाय, जैनखाला हाय, तुमी हाव."

"तुज्या मायच्या टायमाला बी मी व्हतोच की," बद्रीनाथ म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मनकर्णा धीटपणानं बोलली खरी, पण तिला भीती नव्हती असं नाही. दुपारी गोठ्यात कोणी नसलं की ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि पोटावर हात ठेवून पुटपुटायची, "मला बी जायाचं न्हाई रे बाळा. मला तुला बघायचंय." पहिलटकरणीचं मन असंच असतं. एका डोळ्यात पाळणा आणि दुसऱ्या डोळ्यात काळोख.

जैनखाला म्हणजे गावची सुईण जैनबबी. मनकर्णाला याच म्हातारीनं जगात आणलं होतं. एके दिवशी ती मनकर्णाच्या पोटाला तेल लावत होती, तेव्हा मनकर्णानं विचारलं, "खाला, खरं सांगा. गाठीनं गेली का माजी माय?"

जैनबबीचा हात थांबला. "गाठीनं न्हाई बेटी. खून थांबला न्हाई, रगत वाहतच राहिलं. तुला पुसत व्हते मी, माजी पाठ तिच्याकडं. तिनं हाक मारली आसंल तर थाळीत ऐकू आली न्हाई. अल्ला जाने, ऐकू आली असती तर काय झालं असतं. पण ऐकायला तर पायजे व्हती."

मनकर्णा म्हणाली, "खाला, थाळी वाजवायची न्हाई. मी बोलल्याबिगर कुणी वाजवायची न्हाई."

त्या दिवसापासून तिनं तयारी चालवली. मला बाहेर काढून कढत पाण्यानं धुतलं, उन्हात तापवलं, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर दिला. माझ्या फटींतले ढेकूण पळाले ते तुळजाबाईच्या वाकळेत शिरले, आणि दोन दिवस आत्या अंग खाजवत आमच्या दोघींच्या नावानं खडे फोडत होती. कुरतडलेली वीण मनकर्णानं नव्या दोरीनं सांधली. पायथ्याची गाठ मात्र तिला सुटेना. ती दगड झाली होती. माजघराच्या कोपऱ्यात माझी जागा सारवली, मला तिथं नेलं, शेगडी आणली, ओवा, शेपा, डिंक, जुनी मऊ लुगडी, सगळं हाताशी मांडलं. बद्रीनाथनं पुन्हा अडवलं नाही; येता-जाता तयारी बघायचा, पण माझ्याकडं न बघता शेतावर जायचा. एकदा मात्र शेगडीला लागतील म्हणून वाळल्या गोवऱ्यांची पाटी त्यानं गुपचूप माजघराच्या दाराशी ठेवलेली मी पाहिली.

मनकर्णाला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. ऊन वर चढलं, सावल्या पायाखाली आल्या, तरी बाळ येईना. तुळजाबाईचं तोंड उतरलं. तिनं पुन्हा गाठी सोडायला घेतल्या. कुलपं, कणगी, दावी, वेण्या. शेजारणी गोळा झाल्या.

"आत्याच्या कमरेची चंची राहिली की," जैनबबी म्हणाली. "तिच्यात तंबाखूच्या लई गाठी हायत."

भरल्या डोळ्यांनी तुळजाबाई हसली आणि तीही सोडली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्या पायथ्याकडं वळल्या. शेजारणींनी नखं मोडून पाहिली. तुळजाबाई चुलीजवळचा विळा उचलायला गेली तशी जैनबबीनं तिचा हात धरला. "तो नाळेसाठी उकळून ठेवलाय. दोरीला नक्को लावू." आणि मनकर्णाला म्हणाली, "ऊठ बेटी. निजून न्हाई व्हायचं. खांब धर, उकिडवी बस."

मनकर्णा खांबाला धरून उकिडवी बसली. घामानं निथळत, दात आवळत म्हणाली, "बाज भाईर न्या. आबांनी बांधली, आबांनाच सोडू द्या. त्यांच्या मनातलं बी जाऊ द्या."

चौघींनी मला उचलून ओसरीवर आणलं. बद्रीनाथ तिथंच गुडघ्यात मान घालून बसला होता. तुळजाबाईनं निरोप सांगितला, तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तो माझ्या पायथ्याशी बसला. गाठीवर पाणी ओतलं. नखानं उकरून पाहिली. पुन्हा ओतलं. शेवटी वाकून त्यानं गाठ दातात धरली. त्याची पांढरी मिशी माझ्या दोरीला लागली, आणि ती पाण्यानं भिजली की डोळ्यांनी, ते मला सांगता यायचं नाही. गाठ ढिली झाली. दोरी सरसर निघाली आणि माझं सगळं अंग सैल पडलं. मोकळी दोरी हातात धरून बद्रीनाथ एवढंच म्हणाला, "वच्छला, मी तू पडू नयेस म्हणून न्हाई म्हनलं व्हतं गं."

मित्रांनो, गाठ सुटली म्हणून बाळ आलं का, हे मला विचारू नका. मी साधं लाकूड. आत मनकर्णा जिवाच्या आकांतानं जोर करत होती, जैनबबी तिला धीर देत होती, आणि बाहेर एक बाप मोकळा झाला होता. एवढं मला माहीत आहे.

थोड्या वेळानं बाळ रडलं.

शेजारणी हरखल्या. तुळजाबाई सवयीनं थाळी घेऊन धावत ओसरीवर आली, लाटणं उचललं, आणि बद्रीनाथनं थाळीवर तळहात दाबून धरला.

"थांब अक्का."

आतून बाळाचं रडू येत होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हे रडू त्यानं एकदा ऐकलं होतं. त्याला दुसरा आवाज हवा होता. तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "मनकर्णे?"

उत्तर आलं नाही. आत जैनबबी कोणाला तरी सांगत होती, "पोर माज्याकडं नक्को, तिच्या छातीला लाव. मी पोट चोळते." कापडाचा आवाज आला. पाण्याचा आवाज आला. बद्रीनाथचा हात थाळीवर तसाच होता.

"मनकर्णे, ओ दे गं माय माजी."

मग एक आवाज आला. दमलेला, बारीक, पण जिवंत.

"आबा, बाज आवळा. मला निजायचंय."

तुळजाबाईनं थाळी भुईवर ठेवली. बद्रीनाथनं दोरी पुन्हा ओवली, गुडघा लावून ओढली, पण या खेपेला गाठ अशी मारली की एका झटक्यात सुटावी. मला आत नेलं. मनकर्णा माझ्यावर निजली, तिच्या कुशीत बाळ, बाळाच्या डोक्यावर ती विटकी कुंची. जैनबबी तिथून हलली नाही. तिन्हीसांजेला ती उठली आणि म्हणाली, "आता वाजवा तुमची थाळी." ती थाळी बद्रीनाथनं वाजवली, आणि अशी वाजवली की लाटणं मोडलं. मुलगा की मुलगी, हे त्या दिवशी कोणी विचारलंच नाही.

पुढं माझा मान वाढला. गावात पहिलटकरीण असली की लोक मला न्यायला यायचे, आणि माझ्याबरोबर थाळीबद्दलचा मनकर्णाचा शब्दही घरोघर जायचा. आता मी म्हातारी झाले. माझा एक पाय डुगडुगतो, वीण पुन्हा सैल झाली आहे. मला आवळा, उन्हात ठेवा, पावसात भिजू देऊ नका, एवढं तर मी मागेनच. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा त्याच्या रडण्यावर सगळे धावतील. तुम्ही जरा थांबा. दाराशी उभे राहा, आणि आधी त्याच्या आईला हाक मारा.

तिची ओ आली, की मग थाळी वाजवा.