गिरीजच्या आवाजांचं बंद खातं

श्रीरंगरावांनी एकेक अक्षर पुटपुटत पासवर्ड टाकला आणि पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: 'खाते तात्पुरते बंद. अर्ध्या तासाने प्रयत्न करा.'

त्या खात्यात गिरीज गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर श्रीरंगराव वसईहून तिकडे जात, केळीच्या वाडीत कुणाच्या तरी ओट्यावर बसत आणि त्यांच्या घरच्या बोलीतली गाणी, गोष्टी, शिव्यासुद्धा फोनवर टिपून घेत. आपण देशावरचे, परके, आपल्याला यातलं कितपत कळतंय, अशी धाकधूक त्यांना कायम असे. पुढे तो फोन बावखलात, वाडीतल्या तळ्यात, पडला. सांगणाऱ्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. उरलं ते एका कंपनीच्या सर्व्हरवर, आणि ती कंपनी आज संध्याकाळी सहाला आपला सर्व्हर पुसून टाकणार होती. कंपनीची मेल जाहिरात समजून त्यांनी उघडलीच नव्हती. आज उघडली.

सकाळी तर आवाज साठवलेला डेटाबेस जोडलाच जात नव्हता. पुण्याहून त्यांच्या मुलीने, स्वप्नाने, फोनवर एकेक गोष्ट तपासायला लावली तेव्हा कळलं, कंपनीने सर्व्हरचा पत्ता बदललाय. नवा पत्ता घातला, जोडणी झाली. मग पासवर्ड चुकायला लागला. घाबरून त्यांनी गिरीजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'आवाजांचे खाते उघडत नाही. कुणाला पासवर्ड ठाऊक असल्यास कृपया कळवावे.' सोबत लिंक आणि खात्याचं नावही दिलं. दुपारी जेवताना घास हातातच राहिला. ईस्टरच्या सुमारास आपण पासवर्ड बदलला होता! नवा आठवलाही. पण तोवर खातं बंद झालं होतं, आणि दर वेळी बंदच सापडत होतं.

"हाही चुकीचाच असेल," ते मुलीला म्हणाले. "माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही."

"बाबा, चुकीचा असता तर चुकीचा म्हणालं असतं. हे बंद म्हणतंय. कोणीतरी सारखा पासवर्ड मारून बघतंय. बंद असताना एकाने जरी मारला, तरी अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. कोणाला सांगितलंत का?"

त्यांनी ग्रुप उघडला. 'आजीचं नाव टाकून बघितलं, नाय चाललं,' वाडीतल्या मर्विनने लिहिलं होतं. गॅब्रिएलने चर्चच्या सणाची तारीख टाकली होती. 'सर, टेन्शन नका घेऊ. अख्खी वाडी लागलीय.'

सगळ्यांना एकदम थांबा म्हणायचं? श्रीरंगरावांनी तीनदा लिहून खोडलं. शेवटी पाठवलं, 'आपल्या मदतीबद्दल ऋणी आहे. शक्य असल्यास तूर्त थांबावे.' हात जोडलेली चित्रं भराभर आली. 'सर, आभार कसले?' आणि खातं बंदच.

लॅपटॉप छातीशी धरून त्यांनी रिक्षा केली. गिरीजला व्हेरोनिकाच्या ओट्यावर शेजारणी फोनभोवती डोकी घालून बसल्या होत्या. ती त्यांना सगळ्यांत जवळची; तिच्या आईची गाणी त्या खात्यात होती.

"या सर. आता तुमच्या बायकोचं नाव टाकतोय. काय होतं वहिनींचं?"

"थांबा," ते म्हणाले. "तुम्ही थांबा सगळे. तुमच्यामुळेच उघडत नाहीये."

एक शेजारीण हळूच म्हणाली, "घ्या. आपलंच चुकलं."

"हे सकाळी का नाय बोललात?" व्हेरोनिका म्हणाली.

"मलाच कळलं नव्हतं. कळल्यावर लिहिलं मी. थांबावे असं."

"ते कोण वाचतंय, सर? कलेक्टरच्या नोटिशीसारखं लिहिता तुम्ही." तिने फोन तोंडाशी धरला आणि घरच्या बोलीत ग्रुपवर सगळ्यांना झापलं. क्षणात उत्तरं आली. मर्विन थांबला. गॅब्रिएल थांबला. शेजारणींनी फोन सुपात टाकले आणि सूप मधोमध ठेवलं.

मग सगळे नुसते बसून राहिले. चहा आला, कुणी प्यायलं नाही. सहाला थोडाच अवधी उरला होता, पण अर्धा तास त्याआधी भरत होता. श्रीरंगरावांनी घड्याळ बघून आणखी थोडं थांबून घेतलं, उगाच घाई नको म्हणून. मग पासवर्ड टाकला.

'खाते तात्पुरते बंद. अर्ध्या तासाने प्रयत्न करा.'

व्हेरोनिकाने सुपातून आपला फोन उचलला. "स्टॅनी," ती म्हणाली. स्टॅनी तिचा भाचा, कुवेतला कामाला. त्याचा मेसेज नुकताच आला होता: 'आत्ता सुटलो ड्युटीवरून. आजीचं लाडाचं नाव मारलं, नाय झालं. परत ट्राय करतो.'

तिने फोन लावला. दोनदा वाजून तुटला. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात सहा वाजले आणि पडद्यावरचं बंद खातंही गेलं. 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.' श्रीरंगरावांनी पत्ता तपासला. पत्ता बरोबर होता. पुन्हा जोडून पाहिलं, पुन्हा तेच. तरी ते बटण दाबत राहिले. व्हेरोनिकाने त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबले.

ग्रुपवर स्टॅनी आला. 'सर, उघडलं का?'

ओट्यावरच्या सगळ्यांनी ते वाचलं. श्रीरंगरावांनी फोन घेतला आणि कधी नव्हे ते पटकन लिहिलं, 'हो.'

"खोटं कशाला, सर?" व्हेरोनिकाने विचारलं.

"त्याची आजी होती आत," ते म्हणाले. "त्याच्या हातून गेली, हे त्याला तिकडे एकट्याला कोण सांगणार?"

व्हेरोनिकाने पदराने डोळे पुसले. फोन पुन्हा वाजला. स्टॅनीच होता.

'लय भारी, सर. मग आजीचा आवाज पाठवा ना. जेवताना ऐकतो.'